नसलेली जखम

गर्भाशयाच्या तोंडावर एक सीमारेषा असते. तो सगळा भाग मिळून रुंदीला जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, आणि ही रेषा त्यावर एका जागी म्हणून थांबत नाही. मुलगी वयात येते तेव्हा ती बाहेरच्या बाजूला सरकते. दिवस गेले की आणखी पुढे येते. बाळंतपणानंतर मागे फिरते, गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या तर काहींमध्ये पुन्हा बाहेर डोकावते आणि पाळी कायमची गेली की आतल्या नळीत शिरून दिसेनाशी होते. नुकत्याच जन्मलेल्या मुलीतही ती बाहेर आलेली असू शकते, कारण आईच्या संप्रेरकांचा अंमल तिच्या अंगावर अजून असतो. वय, गरोदरपण, औषधं, सगळ्याची नोंद या इवल्याशा जागेवर होत राहते. बहुतेक बायकांना मात्र तिचा पत्ता जन्मभर नसतो.

रेषेच्या बाहेरच्या अंगाला चपट्या पेशींचे एकावर एक अनेक थर असतात. घर्षण सोसणं हे त्यांचं काम. आतल्या अंगाला उभट पेशींचा एकच थर. या पेशी स्राव बनवतात, महिन्याच्या काही दिवसांत पातळ आणि काही दिवसांत दाट. थर एकच असल्यामुळे त्याखालच्या रक्तवाहिन्या आरपार दिसतात. आपले ओठ गालांपेक्षा लाल दिसतात तेही याच कारणाने: आवरण पातळ, रक्त जवळ. इस्ट्रोजेन वाढलं की गर्भाशयमुख थोडं फुगतं आणि हे आतलं अस्तर बाहेर उलटून येतं. मग तपासणाऱ्याला फिकट गुलाबी पृष्ठभागावर, मधल्या छिद्राभोवती, मखमली पोताचा एक लालभडक ठिपका दिसतो. धक्का लागला तर त्यातून कधी रक्ताचा थेंबही येतो.

पुढे जे होतं ते मला या अवयवाचं सगळ्यात देखणं काम वाटतं. योनीतले लॅक्टोबॅसिलस जीवाणू सतत लॅक्टिक आम्ल तयार करत असतात. त्या आंबट वातावरणात उघड्या पडलेल्या उभट पेशींच्या जागी हळूहळू चपट्या पेशींचे थर चढतात, लाल जागा गुलाबी होते आणि रेषा मागे सरकते. यासाठी कोणाला काही करावं लागत नाही. महिने लागतात, वर्षंही लागतात, पण काम आपलं आपण चालू असतं.

डॉक्टर या लाल ठिपक्याला आज एक्ट्रोपियन म्हणतात. तो आजार नव्हे. तरीही पावणेदोनशे वर्षं तो जखम म्हणून गणला गेला आणि त्या वेळात त्याच्यावर काय काय लावून झालं याची यादी अंगावर काटा आणते: जळवा, चांदीचा क्षार, दाहक पोटॅश, तापवून लाल केलेलं लोखंड, विजेची तार, गोठवणारा वायू. आपल्याकडे ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ हे वाक्य आजही ऐकू येतं. ते ऐकून घरी परतलेली बाई रात्रभर जागी राहते.

न पाहता गर्भाशयाबद्दल बोलण्याची परंपरा त्याहून कितीतरी जुनी. ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांत गर्भाशय शरीरभर भटकतं: यकृताशी जाऊन दडतं, छातीवर चढून श्वास कोंडतं. कॅपाडोशियाच्या ॲरेटियसला ते प्राण्याच्या आत राहणारा दुसरा प्राणीच वाटे. उपचारही त्याला साजेसा. नाकाशी जळक्या लोकरीचा किंवा डांबराचा उग्र वास धरायचा आणि खालून सुगंधी धुरी द्यायची, म्हणजे घाणीला कंटाळून आणि सुवासाला भुलून ते खाली उतरेल. इ. स. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या सोरानसने हे सगळं स्पष्ट शब्दांत फेटाळलं; गर्भाशय बंधांनी जागेवर धरलेलं असतं हे त्याला ठाऊक होतं. धुरी मात्र त्याच्यानंतरही शतकानुशतकं चालली. गंमत अशी की गर्भाशय भटकत नसलं तरी त्याच्या तोंडावरची रेषा खरोखर भटकते. ते कळायला सूक्ष्मदर्शक यावा लागला.

त्याआधी आला स्पेक्युलम. योनीमार्ग उघडून आत पाहण्याचं उपकरण रोमन लोकांकडे होतं, पाँपेईच्या राखेत तशी उपकरणं सापडली आहेत. युरोपात ते मधल्या काळात मागे पडलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या रेकामिए या वैद्याने नव्या रूपात पुन्हा वापरात आणलं. जिवंत बाईच्या गर्भाशयाचं तोंड दिव्याच्या उजेडात पाहता येऊ लागलं. पॅरिसच्या रुग्णालयांत शिकून लंडनला परतलेल्या जेम्स हेन्री बेनेटने १८४५ साली गर्भाशयमुखाची सूज आणि त्यावरच्या ‘जखमां’वर एक ग्रंथ लिहिला. बायकांची कंबरदुखी, अंगावरून पांढरं जाणं, थकवा, वांझपण, चिडचिड, अशा कितीतरी तक्रारींचं मूळ या लाल जागेत आहे असा त्याचा दावा होता. पुस्तक गाजलं, त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

उपचार त्याने बारकाईने सांगितले आहेत. सौम्य प्रकरणात सिल्व्हर नायट्रेटची कांडी लावायची, हट्टी प्रकरणात दाहक पोटॅशने ऊती जाळायच्या. रक्त साठल्याचा संशय असेल तर स्पेक्युलममधून थेट गर्भाशयमुखावर जळवा सोडायच्या. जळवा मोजून लावाव्यात आणि पडल्यावर पुन्हा मोजाव्यात, अशी सावधगिरीची सूचना आहे. एखादी चुकून गर्भाशयात शिरली तर बाईला भयंकर वेदना होतात. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. एवढी नेमकी सूचना कशी सुचली असेल याचा विचार करवत नाही.

बेनेटला विरोध झाला, पण तो ज्या बाजूने झाला ती बाजू फारशी उजळ नव्हती. १८५० साली रॉबर्ट ली या प्रसूतितज्ज्ञाने लंडनच्या वैद्यकसभेत सांगितलं की या तथाकथित जखमा मुळात जखमाच नाहीत, शवविच्छेदनात आपल्याला त्या दिसलेल्या नाहीत. तो बरोबर होता. मात्र त्याच्याबरोबर उभ्या राहिलेल्या अनेकांना चिंता होती ती वेगळीच. स्पेक्युलमने बायकांची लाज जाईल, त्या बिघडतील, त्यांना तपासणीची चटक लागेल, असे लेख त्या वर्षांत छापून येत. एका बाजूला चुकीचं निदान करणारे पण बाईला तपासणारे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला निदानाबद्दल बरोबर असलेले पण तिला तपासूच नये म्हणणारे. कोणाच्या हाती आपली बहीण सोपवावी असा प्रश्न त्या काळच्या लंडनकरापुढे असेल तर त्याला मी तरी उत्तर देऊ शकत नाही.

वादाचा गुंता ज्याने खरा सोडवला तो चार्ल्स वेस्ट फारसा आरडाओरडा करणारा नव्हता. १८५४ साली रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समधल्या क्रूनियन व्याख्यानांत त्याने दोन साध्या गोष्टी मांडल्या. गर्भाशयाशी संबंध नसलेल्या आजारांनी मेलेल्या स्त्रियांची गर्भाशयं त्याने पाहिली. हेच चट्टे त्यांच्यातही सापडत होते. मग त्याने गर्भाशयाच्या तक्रारी घेऊन आलेल्या आपल्या रुग्णांचे दोन गट केले, लाल जागा असलेल्या आणि नसलेल्या. दोन्ही गटांच्या तक्रारी जवळपास सारख्याच निघाल्या. ज्यांना ‘जखम’ होती त्यांची कंबर दुखत होती, ज्यांना नव्हती त्यांचीही दुखत होती.

या दोन निरीक्षणांत सगळं आहे. तक्रार खरी होती. पांढरं जात होतं, कंबर दुखत होती, बाई थकली होती. उजेड पाडून आत पाहिलं तर तिथे एक लाल जागा होती, तीही खरी. दोन्ही एकाच शरीरात सापडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरली. दिसलं म्हणून दोषी. ज्यांना काहीच त्रास नाही त्या बायकांच्या पोटात डोकवायला कोण जाणार? वेस्ट गेला, तेही मेलेल्यांच्या.

१८७८ साली बर्लिनमध्ये कार्ल रुगे आणि योहान फाइट यांनी या जागेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. जखम म्हणजे आवरण फाटून उघडी पडलेली ऊती. इथे तसं काही नव्हतं. सबंध लाल जागेवर उभट पेशींचं अखंड आवरण होतं. म्हणजे एकोणिसावं शतक संपण्याआधी पुरावा टेबलावर होता. तरी विसाव्या शतकात जाळणं थांबलं नाही, उलट सोपं झालं. विजेवर तापणारी बारीक तार आली, बाल्टिमोरच्या गाय हनरने १९०६ साली पांढऱ्या स्रावासाठी डागण्याची पद्धत मांडली, आणि पुढे बाळंतपणानंतर गर्भाशयमुख डागून घेतलं तर कॅन्सर टळतो असं ठामपणे सांगणारे डॉक्टर निघाले. सत्तरच्या दशकात डागण्याऐवजी गोठवणं आलं.

थांबलं का नाही? कारण डागलं की ठिपका जातो. उभट पेशी जळतात, खपली पडते, खालून चपट्या पेशींचा गुलाबी थर येतो, दीड-दोन महिन्यांनी तपासलं तर सगळं स्वच्छ. स्राव बनवणाऱ्या पेशीच नाहीशा झाल्याने काही बायकांचं पांढरं जाणंही कमी होतं. डॉक्टर समाधानी, बाईही बरेचदा समाधानी. न डागताही तो ठिपका काही काळाने मागे सरकला असता, हे पाहायला दोघांकडेही दुसरा गट नव्हता. शिवाय माणूस डॉक्टरकडे जातो तो त्रास टोकाला गेल्यावर. टोकाचा त्रास पुढे थोडा उतरतोच, आणि उतरल्याचं श्रेय मधल्या उपचाराला मिळतं.

स्त्रीरोगशास्त्रात या लाल ठिपक्याची भावंडं बरीच आहेत. गर्भाशय साधारणपणे पुढे झुकलेलं असतं, पण पाचातल्या एका बाईचं मागे कललेलं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या पूर्वार्धात या कलण्याला पाठदुखीपासून वंध्यत्वापर्यंत सगळ्यासाठी जबाबदार धरून पोट उघडून गर्भाशय पुढे बांधण्याच्या शस्त्रक्रिया होत. त्यांचे प्रकार इतके निघाले की प्रत्येक सर्जनला आपल्या नावाची एक हवी होती की काय असं वाटतं. त्याहून वाईट प्रकरण अंडाशयांचं. १८७२ च्या उन्हाळ्यात अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने जर्मनीत हेगार, इंग्लंडमध्ये टेट आणि अमेरिकेतल्या जॉर्जियात बॅटी, अशा तिघांनी एकमेकांच्या नकळत पाळीच्या वा मनाच्या तक्रारींसाठी अंडाशयं काढायला सुरुवात केली. पुढची तीसेक वर्षं हजारो बायकांची अंडाशयं काढली गेली, त्यांतली कितीतरी निरोगी. अंडाशय रक्तात काही सोडतं आणि त्यावर गर्भाशय जगतं, हे व्हिएन्नाच्या एमिल क्नाउअरने सशांवर अंडाशय-रोपण करून दाखवलं तेव्हा शतक संपत आलं होतं. काय काढतोय ते कळायच्या आधी ते काढून झालं होतं.

पण भटक्या रेषेची सगळ्यात विलक्षण गोष्ट अजून पुढे आहे, आणि तिची सुरुवात होते एका गोळीत.

१९३८ साली लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन बनवलं. तोंडाने घेता येणारं, स्वस्त, आणि पेटंट न घेतलेलं, त्यामुळे कोणतीही कंपनी ते बनवू शकत होती. बॉस्टनमध्ये ऑलिव्ह स्मिथ ही जीवरसायनतज्ज्ञ आणि तिचा प्रसूतितज्ज्ञ नवरा जॉर्ज यांचा कयास होता की गर्भपात होतो तो संप्रेरकं कमी पडल्याने. हे औषध दिलं तर गर्भ टिकेल. दोघंही प्रामाणिक आणि नावाजलेले संशोधक. त्यांनी दिलेल्या औषधाने बाळं टिकत होती, असं त्यांना दिसत होतं. पुढे जाहिराती इथपर्यंत गेल्या की निरोगी गरोदर बायकांनीही ते घ्यावं, मूल जास्त सुदृढ होईल.

शिकागोच्या विल्यम डीकमनने वेस्टची दोन गटांची युक्ती पुन्हा वापरली, या वेळी अधिक काटेकोरपणे. १,६४६ गरोदर बायकांपैकी ८४० जणींना औषध, ८०६ जणींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. १९५३ साली निकाल आला: काडीचाही फायदा नाही. पंचवीस वर्षांनी त्याच आकड्यांची पुन्हा छाननी झाली तेव्हा तर औषध घेणाऱ्यांत गर्भपात आणि अकाली प्रसूती वाढल्याचं दिसलं. (त्या बायकांपैकी अनेकींना आपण प्रयोगात आहोत हे सांगितलंच नव्हतं, पुढे त्यावरून खटला झाला. चांगला पुरावा नेहमी चांगल्या हातांनी गोळा होतो असं नाही.) निकाल छापून आला आणि औषध आणखी अठरा वर्षं लिहून दिलं जात राहिलं.

साठच्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये आर्थर हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांपुढे एक कोडं आलं. योनीचा एक कॅन्सर, जो अत्यंत दुर्मीळ आणि झाला तर वयस्कर बायकांत, तो पंधरा ते बावीस वर्षांच्या मुलींमध्ये दिसू लागला. आठ मुली. त्यांनी या मुलींच्या जन्माच्या आसपास त्याच रुग्णालयांत जन्मलेल्या बत्तीस निरोगी मुली शोधल्या आणि सगळ्यांच्या आयांना विचारलं: धूम्रपान, क्ष-किरण, घरातले प्राणी, गरोदरपणातली औषधं. औषधाचा धागा एका मुलीच्या आईनेच सुचवला होता. १९७१ साली प्रसिद्ध झालेलं उत्तर असं: आठपैकी सात आयांनी गरोदरपणात ते कृत्रिम इस्ट्रोजेन घेतलं होतं, बत्तिसांपैकी एकीनेही नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदर बायकांना ते देऊ नये असा इशारा काढला. तोवर एकट्या अमेरिकेत आया आणि मुलं मिळून पन्नास लाख ते एक कोटी लोकांच्या अंगात ते जाऊन आलं होतं.

इथे आपली रेषा परत येते. गर्भात वाढणाऱ्या मुलीच्या योनीमार्गाचा वरचा भाग आधी उभट पेशींनी मढलेला असतो. जन्माआधीच त्यांच्या जागी चपट्या पेशी येतात आणि रेषा गर्भाशयाच्या तोंडापर्यंत जाऊन थांबते. आईने घेतलेल्या गोळीने हा प्रवास मध्येच अडवला. त्या मुलींपैकी अनेकींमध्ये उभट पेशी योनीच्या भिंतीवरच राहून गेल्या, गर्भाशयमुखावर लाल जागा पसरलेली, काहींच्या गर्भाशयाच्या तोंडाला कोंबड्याच्या तुऱ्यासारखी घडी. त्या मुलींतल्या हजारातल्या साधारण एकीला पुढे तो कॅन्सर झाला. गर्भ न टिकणं, मूल न होणं हे त्याहून कितीतरी जणींच्या वाट्याला आलं. गर्भपात रोखायला दिलेल्या गोळीने पुढच्या पिढीचे गर्भ पाडले.

मग ही रेषा निरुपद्रवी म्हणायची की नाही? दोन्ही. लाल ठिपका निरुपद्रवी. पण जिथे उभट पेशींच्या जागी चपट्या येत असतात तो बदलणारा पट्टा नाजूक असतो, आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेकदा तिथेच सुरू होतो. सुरुवात करतो तो ह्युमन पॅपिलोमा विषाणू. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेनने १९८३-८४ मध्ये त्याचे दोन घातक प्रकार या कॅन्सरमध्ये शोधले, आणि २००८ साली त्याला नोबेल मिळालं. म्हणजे जाळणारे डॉक्टर जागेच्या बाबतीत फार लांब नव्हते. ते चुकीचा रंग पाहत होते.

बरोबर रंग पांढरा आहे. हॅम्बुर्गच्या हान्स हिन्सेलमानने १९२५ साली गर्भाशयमुख मोठं करून दाखवणारं भिंगांचं यंत्र, कॉल्पोस्कोप, बनवलं. चिकट स्राव पुसायला तो पातळ ॲसिटिक आम्ल वापरी, आणि त्याच्या लक्षात आलं की बिघडलेल्या पेशींचा भाग आम्ल लागताच पांढरा पडतो. (याच हिन्सेलमानला नाझी काळात रोमा स्त्रियांची सक्तीने नसबंदी केल्याबद्दल युद्धानंतर शिक्षा झाली.) ॲसिटिक आम्ल म्हणजे स्वयंपाकघरातलं व्हिनेगर. चार-पाच टक्के ॲसिटिक आम्ल कापसाने लावायचं, एक मिनिट थांबायचं, दिव्याच्या उजेडात पाहायचं.

ही तपासणी उपयोगी पडते याचा जगातला एक मोठा पुरावा मुंबईतून आला. १९९८ पासून टाटा मेमोरियलच्या सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायका दोन गटांत विभागल्या. एका गटातल्या बायकांची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी व्हिनेगरने तपासणी केली, दुसऱ्या गटाला फक्त माहिती दिली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू पहिल्या गटात ३१ टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे कडक टीका झाली. मला ती टीका पूर्ण पटते आणि तरी तो निकाल हाती असल्याचं हायसंही वाटतं. हे दोन्ही एकत्र बाळगणं सोपं नाही.

दुसरा प्रयोग बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत झाला. १,३१,७४६ बायका, चार गट: विषाणूची चाचणी, पेशींची तपासणी, व्हिनेगर, आणि काहीच नाही. २००९ साली आलेल्या निकालात एकदाच केलेल्या विषाणू-चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले: आठ वर्षांत ३४, तर काहीच न केलेल्या गटात ६४. इथे एकदाच केलेल्या व्हिनेगर-तपासणीने ठळक फरक पडला नाही, हेही त्यात नोंदलं आहे. ज्यांची विषाणू-चाचणी नकारात्मक आली त्यांच्यात त्या आठ वर्षांत या कॅन्सरने एकही मृत्यू झाला नाही.

उस्मानाबादला लागूनच बीड आहे.

बीडहून दर दसऱ्याच्या सुमाराला जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, आणि खाडा झाला की दंड. फडावर ना पाण्याची सोय ना संडासाची. पाळीत दिवसचे दिवस तेच कापड, त्यात ओझी, त्यात लवकर लग्न आणि पाठोपाठची बाळंतपणं. अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं हे तिथे नवल नव्हे. गडचिरोलीत राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं होतं की ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि याआधी फक्त ८ टक्के बायकांची कधी तपासणी झाली होती. यातले बरेच त्रास संसर्गाचे, म्हणजे योग्य औषधाने बरे होणारे.

बीडमध्ये मात्र उपचार म्हणून पिशवीच निघत होती. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेला आकडा असा: पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी त्याआधीच्या दहा वर्षांत काढलेली होती. सहातली एक. त्यांत विशीतिशीतल्या बायका होत्या. त्यांनी जे सांगितलं त्यात एक गोष्ट परत परत येते: पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेले, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल असं सांगितलं. पाळीही जाईल, खाडाही वाचेल, हा हिशेब त्याला जोडून आला. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल घेतली गेली, आणि ती फेडायला पुन्हा फड.

पिशवी काढली की लाल ठिपकाही जातो, पांढरं जाणंही बरंचसं थांबतं. बेनेटच्या कांडीपेक्षा हा उपाय नक्कीच पक्का. सोबत अंडाशयंही काढली असतील तर तिशीतच पाळी गेलेल्या बाईची हाडं ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो; अंडाशयं ठेवली तरी ती अपेक्षेपेक्षा लवकर थकतात असं दिसतं. कंबर आणि सांधे यांचं दुखणं अनेकींचं तसंच राहिलं. काहींचं वाढलं. त्या ओझी उचलत होत्या, आणि ओझी उचलण्याचा गर्भाशयाशी संबंध नव्हता.

आज लाल ठिपक्याबद्दलचा शहाणा सल्ला फार लहान आहे. त्रास नसेल तर त्याला हात लावायचा नाही. संभोगानंतर रक्त येत असेल तर ते दुर्लक्षायचं नाही. आधी कॅन्सर आणि संसर्ग नाही ना, हे पाहायचं. ते नसेल आणि स्राव फारच जाचक असेल तर गोठवणं किंवा डागणं हा पर्याय बाईला विचारून. कॅन्सर टळावा म्हणून डागण्याला आधार नाही. कॅन्सरसाठी वेगळी तपासणी आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी विषाणूची चाचणी करावी असं सुचवते. त्यासाठी स्पेक्युलम लागत नाही, टेबलावर झोपावं लागत नाही, दिवा लागत नाही. एका मऊ काडीने नमुना बाई स्वतः घेऊ शकते, फडावरच्या खोपटातसुद्धा.